सुई उचलायची जागा

न्यूयॉर्क, ४ मार्च १९७९

चेमो,

काल पार्सल पोचलं. पोस्टमननं खालूनच हाक मारली, "पाचवा मजला! चपटं आहे आणि मोडलेलं नाही!" आणि आई घरातल्या सपातांवरच धावत खाली गेली. वर आली तेव्हा तिला दम लागला होता, पण पाकीट तिनं मला फाडू दिलं नाही. भाजीच्या सुरीनं कडेकडेनं कापलं आणि कागदाची घडी घालून कपाटात ठेवली. तुझ्या हस्ताक्षरातला पत्ता आहे ना त्यावर.

तुझी रेकॉर्ड. 'पाचवा मजला'. कव्हरवर तू जायच्या आधी काढलेला फोटो: आपल्याच खिडकीबाहेरची लोखंडी शिडी, आग लागली तर उतरायची. शिडीवर वाळत घातलेला पापांचा लाँड्रीतला शर्ट आणि त्याला टेकून तुझी ती लाल विजेची गिटार. आई म्हणाली, "फोटो काढायचाच होता तर शर्टाला इस्त्री तरी करायची."

पापा कामावरून आले. मी "बेंदिसिओन, पापा" म्हणून आशीर्वाद मागितला, त्यांनी "देव भलं करो" म्हणून नेहमीसारखी टोपी काढली, टेबलावर रेकॉर्ड दिसली आणि टोपी परत डोक्यावर चढली. कव्हर उलटं करून ते मागची बाजू वाचत राहिले. वाचत म्हणजे नावं शोधत. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत सापडलं: 'शिडी' या रचनेत बोंगो, एलादिओ किरोस. त्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. धुतलेल्या चादरीवर डाग राहिलाय का बघायला फिरवतात तसा.

"नाव बरोबर लिहिलंय," म्हणाले.

"एवढंच?"

"हे काय थोडं झालं? लाँड्रीत इतकी वर्षं मला एलिडो म्हणतात."

चेमो, तू लॉस एंजेलिसला गेल्याला दोन वर्षं झाली. तू गेलास ते पापांशी भांडून. लग्न-बारशांना तुमच्या दोघांची जोडी वाजवायची ती तू मोडलीस, आणि वायर लावलेल्या गिटारला श्वास नसतो असं ते म्हणाले. ते मला माहीत आहे. पण ऑक्टोबरमध्ये रेकॉर्डिंगला तू इथे आलास, स्वतः निरोप पाठवून त्यांना बोंगो वाजवायला बोलावलंस, आणि ते पिशवीत बोंगो घालून शीळ वाजवत जिना उतरले. मला वाटलं, मिटलं. परत आले ते गप्प. तेव्हापासून तू फोन करतोस तो पापा कामावर असतानाच, आणि तो मीच उचलते. काय झालं ते तू सांगत नाहीस, ते सांगत नाहीत. आई म्हणते, "दोन बोकड टक्कर देत असताना मी मध्ये डोकं घालणार नाही."

मी घालणार आहे. मला तू परत या स्वयंपाकघरात बसलेला हवा आहेस, पापांच्या समोरच्या खुर्चीवर.

आपला रेकॉर्ड प्लेयर उन्हाळ्यातच मेला, म्हणून मी एक ठरवलंय. १८ तारखेच्या रविवारी आपल्या गावच्या, लारेसकरांच्या क्लबात 'पाचवा मजला' सगळ्यांना ऐकवायची. मी एक भाषणही लिहिते आहे: 'आपलं संगीत आणि आपली मुलं'. चार पानं झालीत. हसू नकोस. आपल्या रस्त्यावरच्या मुलांना कुणी सांगितलं पाहिजे की अशी रेकॉर्ड करणारा माणूस याच जिन्यावरून शाळेत जायचा. घरात पहिली डिग्री माझी. मग हे काम कुणाचं?

तुझी,
नेरी

१९ मार्च १९७९

चेमो,

काल क्लबात काय झालं ते सगळं लिहिते. आधी चांगलं.

गर्दी झाली. डॉमिनोचे डाव थांबले, हे तुला माहीत आहे किती मोठं आहे ते. माझ्या भाषणाचा दुसरा परिच्छेद चालू होता तेव्हा पाद्रिनो मोन्चो मागून ओरडले, "पोरी, तू शिकलेली आहेस ते आम्ही मान्य केलं! आता सुई ठेव!" तुझा धर्मपिता आहे म्हणून मी काही बोलले नाही. सुई ठेवली.

पहिली बाजू सगळ्यांनी उभ्यानं ऐकली. तो विजेचा पियानो सुरू झाला तेव्हा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हा कुठल्या चर्चमधला म्हणून. पण तुझी गिटार आली आणि माना हलायला लागल्या. मला गाण्यातलं कळत नाही, तरी एक सांगते. तू सूर लांबवतोस आणि शेवटी किंचित वाकवतोस ना, ते आई खिडकीतून आपल्याला जेवायला हाक मारायची तसं आहे. 'चेमोओओ', आणि शेवटी आवाज खाली. हे तू मुद्दाम केलंयस का? आईला विचारलं तर म्हणाली, "माझा आवाज एवढा गोड असता तर तुम्ही दोघं वेळेवर जेवायला आला असतात."

मग दुसऱ्या बाजूवर 'शिडी' लागली. आधी तुझी गिटार एकटी, मग बास, मग पापांचे बोंगो. आणि लोक नाचायला लागले! तुझ्या त्या जॅझवर, चेमो. प्रोव्हिदेंसियाबाई गुडघेदुखी विसरून उतरल्या. पापा दाराशी उभे होते, कोट न काढता, पण बोटं कोटाच्या खिशात वाजत होती. मला कापड हलताना दिसत होतं.

आणि मग मध्ये, जिथे गिटार थांबते आणि बोंगो एकटे वर चढत जातात तिथे, अख्खा क्लब एकदम ठेचकाळला. सगळ्यांचे पाय चुकले. प्रोव्हिदेंसियाबाई जोडीदाराच्या बुटावर उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "सुई उडाली." सुईवर फुंकर मारून पुन्हा लावली. पुन्हा तिथेच, तसंच. तिसऱ्यांदा कुणी नाचलंच नाही, नुसते ऐकत उभे राहिले.

"सुई नाही," पाद्रिनो म्हणाले. "क्लावे उलटला."

तुला हे लिहिताना मला लाज वाटते, पण या वयात पहिल्यांदा मला क्लावे समजला. पाद्रिनोंनी डॉमिनोच्या सोंगट्या मांडून दाखवला. दोन घरं. पहिल्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. तीन आणि दोन, तीन आणि दोन, गाणं संपेपर्यंत, कुणी वाजवो न वाजवो. नाचणाऱ्याचं पाऊल दोन्ही घरं मिळून पुरं होतं. त्यांनी मधलं तिनाचं एक घर उचलून खिशात टाकलं. दोनानंतर पुन्हा दोन आले. "आता नाच," म्हणाले. मी पावलं टाकून पाहिली. डाव्याच्या जागी उजवा पाय आला.

तोवर सगळे पापांकडे बघत होते. एक जण म्हणाला, थट्टेतच, "काय एलादिओ, पोराला सगळं शिकवलंस आणि क्लावे तेवढा राहून गेला?"

कुणी फारसं हसलं नाही. पापा म्हणाले, "मी बरोबर वाजवलं होतं." आणि निघून गेले. कोट अंगावरच होता.

चेमो, पाद्रिनो म्हणतात हे हातून होत नाही, कात्रीनं होतं. टेप कापून जोडली की एक घर असं नाहीसं होतं. कात्री कुणी चालवली? त्या रेकॉर्ड कंपनीतल्या कुणी तुला न विचारता चालवली असेल तर तसं दोन ओळींत लिही, मी ते पत्र क्लबाच्या भिंतीवर लावते. पापा काल रात्री जेवले नाहीत. तुरीचा भात होता, तरी.

नेरी

८ एप्रिल १९७९

चेमो,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. 'मीच कापलं. तिथे आवाज आला होता. पापांना सांगू नकोस.'

मी सांगितलं नाही. पण आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. प्रार्थना संपवून बाहेर पडलो तेव्हा पाद्रिनो मोन्चो चर्चच्या पायरीवर झावळीचा क्रूस विणत बसले होते. रेकॉर्डिंगला पापांबरोबर तेच आले होते ना, बोंगोची पिशवी धरायला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "पाद्रिनो, तिथे कसला आवाज होता?"

"तुला कुणी सांगितलं आवाज होता म्हणून?"

"कापणाऱ्यानं."

त्यांनी झावळीची एक पट्टी ओढून घट्ट केली. मग बोलले. त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला ते ऐकू येतील.

"आम्ही पोचलो. पोरगा काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि बापाशी हात मिळवला. हात, नेरी! विमा विकायला आल्यासारखा. तुझा बाप टोपी घालून उभा राहिला, वाट बघत. बेंदिसिओन नाही, काही नाही. पोरगा म्हणाला, 'इकडे बसा, माईक इथे आहे.' बरं. बसला. टोपी घालूनच वाजवायला लागला. मी त्याला म्हटलं, कोम्पाद्रे, टोपी काढ, घाम येतोय. ऐकेना. आणि मग पोरगा असं वाजवायला लागला, असं वाजवायला लागला... त्या वायरवाल्या गिटारमधून लारेसचा डोंगर दिसला मला. मग बोंगोची एकट्याची जागा आली. तुझ्या बापानं मान मागे टाकली, टोपी काढून भिरकावली आणि ओरडला, 'देव तुझं भलं करो, पोरा!' मागितला नव्हता तरी दिला. मी माझ्या जन्मात न मागितलेला आशीर्वाद दिलेला पाहिला नव्हता."

मी विचारलं, मग?

"मग गाणं संपलं. काचेपलीकडच्या माणसानं विचारलं, म्हातारा काय ओरडला? ते सगळे हसत होते, वाईट मनानं नव्हे. आणि चेमो म्हणाला, 'काही नाही.' इंग्रजीत म्हणाला. पण तेवढं इंग्रजी एलादिओला येतं."

चेमो, मी तुला बोल लावायला हे लिहीत नाही. तुझ्याभोवती संगीतशाळेत शिकलेली माणसं होती, आणि त्यांच्यासमोर आपल्या घरातलं काहीही अचानक मोठ्यानं ऐकू आलं की कान कसे तापतात ते मला माहीत आहे. मी चार वर्षं तशा कानांनीच वर्गात बसले. मला वाटायचं, माणूस शिकला की त्याला घरच्यांशी बोलणं सोपं होत असेल. तसं होत नाही. मग निदान शिकलेल्यानं पहिलं पाऊल टाकावं एवढं तरी व्हावं, असं मला अजून वाटतं. हे चार पानांच्या भाषणासारखं व्हायला लागलं. थांबते.

एकच विचारते. कापलेला तुकडा टाकून दिलास का?

पाद्रिनोंनी विणलेला क्रूस यात घातलाय. म्हणाले, "त्याला पाठव. पोरगा मूर्ख आहे, पण माझा आहे."

नेरी

२९ एप्रिल १९७९

माझ्या लाडक्या मूर्खा,

तू टाकला नव्हतास. गिटारच्या पेटीत, तारांच्या पाकिटाबरोबर, इतके महिने!

लिफाफा जेवणाच्या वेळी उघडला, मुद्दाम. पापा, आई, मी, आणि तळलेली केळी खायला आलेले पाद्रिनो. आतून हातभर लांबीची तपकिरी फीत निघाली, आणि तुझी चिठ्ठी. मी ती मोठ्यानं वाचली: 'पापा, हे तुमचं आहे. कापलं मी, पण टाकलं नाही. तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं.'

आईनं केळ्यांची ताटली उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

पापांनी फीत दोन बोटांत धरून खिडकीकडे केली. उजेडात काहीच दिसत नाही तिच्यात, नुसती चकचकते.

"हे मी आहे?"

"हो, पापा. तुमचा आवाज आणि तिनाचं घर."

"एवढंसं?"

पाद्रिनो म्हणाले, "कानाला लावून बघ, कोम्पाद्रे."

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच सगळा क्लब बोंबलला. सोंगट्या मांडून शिकवत बसला होतास."

"मग काय करू? तुझी पोरगी डिग्री घेऊन आली आणि तिला दोनानंतर तीन येतात हे माहीत नाही!"

आणि पापा हसले, चेमो. केळं हातात घेऊन हसले. मग त्यांनी ती फीत हलक्या हातानं बोटाभोवती गुंडाळली आणि बोंगोची चामडी ताणायची चावी ज्या डबीत ठेवतात, तीत ठेवली. ही फीत ऐकवणारं यंत्र आपल्या रस्त्यावर कुणाकडे नाही. मी कॉलेजात विचारते म्हटलं, तर म्हणाले, "नको. मला माहीत आहे मी काय म्हणालो ते."

मी विचारलं, "चेमोला काही लिहू?"

"लिही, फीत मिळाली."

"आणखी?"

"आणखी काय? मी माझं ऑक्टोबरात बोललोय. आता पाळी कुणाची आहे?"

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक बोकड थकला. दुसऱ्याला कळव."

नेरी

२० मे १९७९

चेमो,

आपल्या घरी रेकॉर्ड प्लेयर आलाय. लाँड्रीतलं कुणीतरी घर बदलत होतं, त्यांचा जुना. पापांनी तो खांद्यावर घेऊन पाच मजले चढवला. "तुझ्या शिकवण्याला लागेल," मला म्हणाले. मी आठ वर्षांच्या मुलांना वाचायला शिकवते. त्याला रेकॉर्ड प्लेयर कशाला लागेल ते मी विचारलं नाही.

आज दुपारी मी बाजाराच्या पिशव्या घेऊन येत होते. तिसऱ्या मजल्यापासूनच 'शिडी' ऐकू यायला लागली. दार उघडं असणार. मी जिन्यातच थांबले. गिटार, बास, बोंगो. बोंगो चढत गेले, ती जागा आली, आणि गाणं बंद. सुई उचलली. मग चमच्यानं टेबलावर टक, टक, टक, तिनाचं घर, आणि त्याच्यावर पापांचा आवाज, अगदी भरलेला, लाजबिज काही नाही: "देव तुझं भलं करो, पोरा!" आणि लगेच सुई खाली, आणि पुढचं गाणं बरोबर पावलावर. मी पिशव्या हातात घेऊन जिन्यावर दोन पावलं नाचून पाहिली. डावा पाय डाव्याच्या जागी आला.

चौथ्या मजल्यावरच्या बाई दारातून म्हणाल्या, "रोज कामावरून आला की हेच चालतं. आधी मला वाटलं, शिंकणाऱ्याला 'देव भलं करो' म्हणतात तसं मला म्हणतोय."

मी वर गेले. "बेंदिसिओन, पापा."

"देव भलं करो." ते प्लेयरवर वाकले होते. "ही सुई चांगली नाही. एका जागी अडकते."

सुई चांगली आहे. मी नंतर रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. दुसऱ्या बाजूवर एका ठिकाणी काळ्या रंगावर पांढुरकी रेघ आली आहे, उचलून-ठेवून घासलेली. महिनाभरात तिथून ऐकू यायचं बंद होईल. म्हणून एक प्रत आणखी लागेल. पोस्टानं पाठवू नकोस. आईनं पहिल्या पाकिटाचा कागद जपून ठेवलाय, दुसऱ्याला कपाटात जागा नाही, असं ती म्हणते.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पापा, चेमोनं फोन केला तर तुम्ही उचलाल?"

"फोन वाजला की उचलायचा असतो. कंपनी त्याचेच पैसे घेते."

"काय बोलाल?"

"मी कशाला बोलू? फोन करणाऱ्यानं आधी बोलायचं असतं." आणि थोड्या वेळानं, भाताकडे बघत म्हणाले, "गिटारला वायर आहे. पण श्वास आहे, हं. कळवायचं तर कळव."

कळवलं.

आता नीट वाच, कारण हे पत्र मी भाषणासारखं लिहीत नाहीये. येत्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पापा त्यांच्या खुर्चीत असतील, फोनच्या शेजारी. मी कुठे बाहेर जाणार नाही. आईबरोबर भांडी पुसत स्वयंपाकघरातच असेन. फोन कर. कितीही वाजला तरी मी उचलणार नाही.

ते उचलतील. टोपी घातलेलीच असेल. तू हॅलो म्हणू नकोस. पहिला शब्द तुला माहीत आहे.

तुझी,
नेरी